आमच्या घरातला गाइड डॉग : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजाराने माझी नजर हळूहळू गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि पस्तिशीपर्यंत नळीतून पाहावं एवढंच उरलं. आता उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळतो. गेली सात वर्षं माझ्या डाव्या बाजूला एक काळा लॅब्रेडॉर चालतो. तो माझा गाइड डॉग, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला वाटेत सांभाळून नेण्यासाठी शिकवलेला कुत्रा. मंडळाच्या कार्यक्रमात, ट्रेनमध्ये, मावशीच्या रविवारच्या फोनवर तेच ते प्रश्न येतात, आणि ते मनापासून विचारलेले असतात. म्हणून एकदा सगळ्यांची नीट उत्तरं लिहून ठेवते.

कुत्र्याला सांगितलं की तो तुम्हाला हवं तिथे घेऊन जातो ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून आधी हाच घेते. रस्ता मला माहीत असावा लागतो. घरातून निघून उजवीकडे, दोन रस्ते ओलांडायचे, तिसऱ्या कोपऱ्याला डावीकडे, मग चढ लागला की स्टेशन आलं, हा नकाशा माझ्या डोक्यात असतो. कुठे वळायचं ते मी सांगते. दोन वळणांच्या मधला रस्ता सुखरूप पार करून देणं हे त्याचं काम. तो सरळ रेषेत चालतो, फुटपाथ संपला की कडेला थांबतो, पायऱ्या आल्या की थांबतो. वाटेतली सायकल, खांब, उघडं फाटक, कचऱ्याचे डबे यांना वळसा घालतो, आणि वळसा घालताना माझ्या खांद्याएवढी जागा जास्तीची धरतो. डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी हा त्याच्यासाठी सगळ्यात अवघड धडा असतो, कारण तो स्वतः तिच्याखालून सहज जातो. माझी उंची त्याला हिशेबात धरावी लागते.

हे सगळं मला कळतं ते हार्नेसच्या, म्हणजे त्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाच्या, कडक दांडीतून. दांडी किंचित डावीकडे गेली की मी डावीकडे, ती मागे आली की वेग कमी. पहिल्या वर्षी मी हे विचार करून करायची, आता विचार करावा लागत नाही.

याआधी दहा वर्षं मी पांढरी काठी वापरली आणि आजही माझ्या पिशवीत घडीची काठी असतेच. काठीला अडथळा लागतो तेव्हा तो कळतो. कुत्र्याबरोबर तो अडथळा होता हेसुद्धा कळत नाही, आपण नुसतं पुढे निघून जातो. वेग वाढतो, मान वर राहते, खांदे सैल होतात. पण त्याचा एक तोटा कोणी आधी सांगितला नव्हता. काठीला लागणारी पत्रपेटी, भिंत, कुंपण याच माझ्या खुणा होत्या. कुत्रा आल्यावर त्या खुणाच गायब झाल्या, कारण तो मला त्यांच्याजवळ जाऊच देईना. मग तेच रस्ते मला नव्याने शिकावे लागले. बेकरीचा वास, लाँड्रीच्या यंत्रांचा आवाज, फुटपाथचा उतार, दोन इमारतींच्या मधून येणारा वारा, अशा खुणांवर.

रोजच्या जागा मात्र त्याला पाठ होतात. दार शोध, खुर्ची शोध, लिफ्ट शोध हेही तो शिकला आहे. आणि कॉफीच्या दुकानापाशी, मी काही बोललेली नसतानाही, त्याची चाल हळू होते.

सिग्नल हिरवा झाला की त्याला कळतं का?

कळत नाही. कुत्र्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि त्यांना सिग्नल बघायला शिकवतही नाहीत. मी गाड्यांचा आवाज ऐकते. माझ्या बाजूने, मला समांतर जाणारी वाहनं सुटली की मी 'फॉरवर्ड' म्हणते. निर्णय माझा असतो.

पण माझा निर्णय चुकला तर तो ऐकत नाही, आणि हे मात्र त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. मालकिणीने पुढे चल म्हटलं तरी धोका दिसला तर हलायचं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. कचऱ्याच्या गाडीचा वार होता, ती मागे कुठेतरी घरघरत होती. एका घराच्या ड्राइव्हवेपाशी तो थांबला. मला काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी 'फॉरवर्ड' म्हटलं. तो हलला नाही. मी परत म्हटलं, थोड्या वैतागाने. तेव्हा तो वळून माझ्या गुडघ्यांना आडवा आला आणि अंग टाकून मला मागे रेटलं. पुढच्या क्षणी माझ्या पोटऱ्यांवर वाऱ्याचा झोत आला आणि ओल्या रस्त्यावर टायर फिरल्याचा सर्रकन आवाज. विजेवर चालणारी गाडी उलटी बाहेर आली होती, इंजिनाचा आवाज नावालाही नव्हता. मी तिथेच बर्फात गुडघ्यावर बसले आणि त्याच्या मानेत तोंड घातलं. ऑफिसला उशीर झाला त्या दिवशी.

त्याच्याशी मराठीत बोलता की इंग्रजीत?

कामाचे हुकूम इंग्रजी: फॉरवर्ड, लेफ्ट, राइट, आणि रेंगाळला तर 'हप-अप'. चूक झाली तर 'फुई' म्हणायला शिकवलं होतं. तो जर्मन उद्गार आहे आणि आपल्या 'शी!' च्या फार जवळचा. हार्नेस उतरला की सगळं मराठीत. 'बाजूला हो', 'आण बघू', 'झोप आता' हे त्याला चांगलं कळतं. मुलीने त्याला 'पाया पड' शिकवलंय, म्हणजे पुढचे पाय पसरून मान खाली. आजी आली की हा कार्यक्रम होतोच.

त्याचं नाव काय? एकदा हात लावू का?

नाव सांगत नाही, आणि यात तुमचा अपमान नाही. लोकांना नाव कळलं की ते हाक मारतात, आणि त्याचं लक्ष उडतं. बाहेर कोणी विचारलं तर मी 'राजा' सांगते. इथेही राजाच म्हणू.

हात लावू का, याचं उत्तर हार्नेसमध्ये असेल तेव्हा नाही असंच आहे. हात लावणं, चुचकारणं, शीळ घालणं, टक लावून डोळ्यांत बघणं, खाऊ दाखवणं, सगळंच नको. का, ते माझ्याच पायाने शिकले. एका सभागृहात गणपतीचा कार्यक्रम होता. आरती संपून आम्ही खाली निघालो होतो, जिन्याच्या अगदी तोंडाशी होतो. तो थांबला होता, म्हणजे पायरी आली हे त्याने सांगितलं होतं. मी पाऊल पुढे करून कड चाचपत होते. तेवढ्यात कोणीतरी अतिशय प्रेमाने 'अरे माझ्या सोन्या' म्हणत त्याच्या नाकासमोर पेढा धरला. त्याने मान वळवली, दांडी उजवीकडे गेली, आणि मी ती खूण समजून उजवीकडे पाऊल टाकलं. तिथे काहीच नव्हतं. तीन पायऱ्या घसरले, घोटा मुरगळला, दीड महिना लंगडत होते. त्या बाई माझ्यापेक्षा जास्त रडल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर हे लिहिते आहे. मला रस्त्यावर सगळ्यात जास्त धोका प्रेमळ माणसांकडून असतो.

घरी आलात आणि हार्नेस खुंटीवर असला तर त्याला हवं तेवढं कुरवाळा. त्याला पोट खाजवून घ्यायला फार आवडतं.

मग तुम्हाला मदत करायची असेल तर काय करायचं?

माझ्याशी बोला, कुत्र्याशी नको. 'ताई, काही मदत हवी का?' एवढं पुरे. मी हो म्हटलं तर माझ्या उजव्या बाजूला येऊन कोपर पुढे करा, मी धरेन. माझा दंड धरून ओढू नका आणि हार्नेसची दांडी तर कधीच पकडू नका. गाडीचं स्टिअरिंग बाहेरून हात घालून फिरवल्यासारखं होतं ते. रस्ता सांगताना 'इकडून तिकडे' म्हणू नका. 'तुमच्या डावीकडे, दहा पावलांवर दार आहे' असं सांगा. आणि लांबून 'थांबा! थांबा!' ओरडलात तर आम्ही दोघंही गोंधळतो, खरा धोका असेल तेव्हाच ओरडा.

आमच्याकडे जेवायला याल तेव्हा त्याला काय वाढू?

काही नको, एक वाटी पाणी द्या. हे उत्तर आपल्या घरांत फार जड जातं हे मला माहीत आहे. पाहुण्याच्या कुत्र्याला उपाशी कसं ठेवायचं? एका काकांनी मला संत नामदेवांची गोष्ट सांगितली: कुत्रा भाकरी घेऊन पळाला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. माझीही ती लाडकी गोष्ट आहे. पण राजाचं खाणं सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, मापाने मोजून असतं. त्यावर त्याची शी-शूची वेळ ठरते, आणि त्या वेळेवर माझं ऑफिस, माझा प्रवास ठरतो. वजन वाढलं तर सांधे लवकर जातात आणि त्याची कामाची वर्षं कमी होतात. शिवाय ताटावरून एकदा मिळालं की तो प्रत्येक हॉटेलात टेबलाखाली झोपण्याऐवजी वास काढत बसेल.

आणि आपलं जेवण त्याच्यासाठी खरोखर धोक्याचं आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की पावडर असो, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे पोहे, आमटी, लसणाची चटणी, शिरा, बेदाणे घातलेले लाडू, सगळं बाद. चॉकलेट विषारी, आणि साखर नसलेल्या च्युइंगगममधलं झायलिटॉल तर फारच. शिजवलेलं हाड घशात किंवा आतड्यात टोचतं. त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर पंगतीत जमिनीवर सांडलेलं चटकन उचला. मला ते दिसत नाही, त्याला दिसतं.

देवघर, सोवळं, सत्यनारायण यांचं कसं करता?

आमच्या घरात तो देवघराच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर झोपतो. हे माझ्या सासूबाईंशी बोलून ठरलं. सुरुवातीला त्या फार अस्वस्थ होत्या. स्वयंपाकघरात कुत्रा म्हणजे त्यांच्या लेखी सगळं संपलंच. मी वाद घातला नाही. घरात केस पडू देणार नाही, रोज विंचरेन, पाय पुसून आत घेईन, असं कबूल केलं आणि पाळलं. पुढे एकदा गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालताना त्याच म्हणाल्या, 'याच्या पायाशी चार आहेत, आपल्याकडे एकच आहे.' त्यानंतर तो विषय निघाला नाही. खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच, आणि स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जायला धर्मराजाने नकार दिला हे तर लहानपणापासून ऐकत आलोय. ज्यांना पटत नाही त्यांना मी ही उदाहरणं देत बसत नाही. ज्याच्या घरी मला कुत्र्यासकट बोलवायला संकोच वाटतो, त्याने तसं मोकळेपणाने सांगावं. मी काठी घेऊन येईन, किंवा दुसऱ्या दिवशी येईन.

मंदिराचं वेगळं आहे. अमेरिकेतला अपंगांच्या हक्कांचा केंद्रीय कायदा दुकानं, हॉटेलं, दवाखाने यांना लागू होतो, पण धार्मिक संस्थांना त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळे मंदिर नाही म्हणू शकतं. एका मंदिरात मला दारातूनच परत पाठवलं, काढून ठेवलेल्या बुटांपाशी कुत्रा बांधून ठेवा म्हणाले. अनोळखी गर्दीत त्याला बांधून मी आत कशी जाऊ? दुसऱ्या एका मंदिरात पुजाऱ्यांनी स्वतः सभामंडपाच्या कडेची जागा दाखवली आणि प्रसाद माझ्या हातात आणून दिला. आता नवीन ठिकाणी जायचं असेल तर आधी फोन करते.

शी-शू कशी कळते? उचलतं कोण?

मीच उचलते. हे विचारायला लोक लाजतात, पण रोजच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा भाग आहे, म्हणून सविस्तर सांगते.

सकाळी साडेपाचला हार्नेस न घालता नुसत्या पट्ट्यावर त्याला मागच्या अंगणात नेते. ठरलेला शब्द म्हणते. तो माझ्याभोवती गोल फिरायला लागतो, पट्टा हातातून सरकत राहतो. थांबला की मी पट्ट्यावरून हात सरकवत त्याच्या पाठीवर ठेवते. पाठ सरळ उतरती असेल तर शू. पाठीची कमान झाली असेल तर शी. कमान असेल तर माझा पाय त्याच्या मागच्या पायाच्या रेषेत टेकवून ठेवते, म्हणजे जागा हरवत नाही. तो बाजूला झाला की पिशवी हातमोज्यासारखी उलटी घालून चाचपते, पिशवीतून ऊब लागते, उचलते, पिशवी उलटवून गाठ. थंडीत बर्फावर हे सोपं जातं, पानगळीत कठीण. सात वर्षांत एकदाही कोणाच्या अंगणात काही मागे ठेवलेलं नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते.

मग खाणं, पाणी, आणि दहा मिनिटं अंगावरून हात. इथे हरणांमुळे गोचिड्या फार, आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. मला दिसत नाही, पण बोटांना तिळाएवढी गाठही लागते: कानांच्या मागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात. आठवड्यातून एकदा कान पुसणं, रोज दात घासणं, महिन्याला हृदयातल्या जंतांची गोळी. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पंजे चिरतात, म्हणून बूट किंवा मेण. उन्हाळ्यात निघण्याआधी मी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून बघते. मला सोसत नसेल तर त्याला का सोसेल?

बिचाऱ्याला सारखं काम करावं लागतं, नाही का?

'बिचारा' हा शब्द मला फार लागतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. हार्नेस हातात घेतला की त्याच्या बकलाचा खळ्ळकन आवाज होतो, आणि घरात कुठेही असला तरी तो धावत येऊन स्वतः त्यात डोकं घालतो. दिवसभरात प्रत्यक्ष चालण्याचं काम फार तर दोन-अडीच तास. बाकी वेळ माझ्या टेबलाखाली झोप. संध्याकाळी चेंडू, मुलीबरोबर कुस्ती, सोफ्यावर चढण्याचा रोजचा प्रयत्न. ज्या कुत्र्यांना हे काम आवडत नाही ती प्रशिक्षणातच बाजूला होतात आणि चांगल्या घरी पाळीव म्हणून जातात. दिवसभर बंद घरात माणसांची वाट बघणाऱ्या कुत्र्यापेक्षा माझा राजा कितीतरी सुखात आहे.

असा कुत्रा कुठून मिळतो, आणि किती लाखांना?

माझा मॉरिसटाउनच्या 'द सीइंग आय' या शाळेतून आला. ही अमेरिकेतली पहिली गाइड डॉग शाळा. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत अशी कुत्री तयार करायला सुरुवात झाली होती. स्वित्झर्लंडमध्ये कुत्री तयार करणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये त्यावर एक लेख लिहिला. तो टेनेसीतल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवला गेला. त्याने पत्र लिहिलं, १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला, आणि न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर तिच्यासोबत रहदारीचा रस्ता ओलांडून दाखवला. जानेवारी १९२९ मध्ये शाळा सुरू झाली.

पैशांचं ऐकून सगळे चकित होतात. पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे ५०, निवृत्त सैनिकांना फक्त १ डॉलर. बाकीचा सगळा खर्च देणग्यांतून चालतो. नाममात्र का होईना, पैसे घेतात ते भीक दिल्यासारखं वाटू नये म्हणून, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. कुत्रा पूर्णपणे माझ्या मालकीचा होतो. पुढचं खाणं आणि डॉक्टरचा खर्च आमचा. तो इथल्या आयकरात वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जातं आणि वर्षभर तिथे वाढतं. मग शाळेत साधारण चार महिने प्रशिक्षण. त्यानंतर आमच्यासारखे लोक तिथे राहायला जातात, मी जवळजवळ चार आठवडे होते. पहिले दोन दिवस कुत्रा मिळतच नाही. हार्नेसचं एक टोक प्रशिक्षक धरतो आणि कुत्र्याच्या जागी स्वतः चालतो, तुमचा वेग आणि ओढ जोखायला. मग जोडी ठरते. अर्जाआधी काठीने एकटं फिरता आलंच पाहिजे. ज्याला रस्ता माहीत नाही त्याला कुत्रा देऊन उपयोग नसतो.

राजाला वाढवणाऱ्या कुटुंबाचं मला एक पत्र आलं होतं. त्यांच्या मुलाने लिहिलं होतं की याला व्हॅक्यूम क्लीनरची भीती वाटते, तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत न्या. अजूनही नेते.

दुकानात, हॉटेलात, टॅक्सीत अडवतात का?

अडवतात. कायद्याने सार्वजनिक ठिकाणी फक्त दोन प्रश्न विचारता येतात: हा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागता येत नाहीत, माझ्या आजाराबद्दल विचारता येत नाही, जादा पैसे घेता येत नाहीत. कुत्रा भुंकत सुटला, अंगावर गेला किंवा त्याने आत घाण केली तर मात्र बाहेर काढण्याचा हक्क त्यांना आहे, आणि तो असायलाच हवा. सगळ्यात त्रास भाड्याच्या गाड्यांचा होतो. गाडी येते, चालक कुत्रा बघतो आणि काच वर करून निघून जातो. पावसात उभं राहून गाडी दूर जाताना ऐकणं अजूनही सवयीचं झालेलं नाही.

भारतीय हॉटेलांत मी स्वतः आधी दोन वाक्यं मराठीत किंवा हिंदीत बोलते. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं, आणि आतून कोणीतरी कोपऱ्यातलं टेबल करून देतं.

कोणाला भीती किंवा ॲलर्जी असेल तर?

सांगा, मी लांब बसते. कायदा म्हणतो की भीती किंवा ॲलर्जी हे मला नाकारायचं कारण होऊ शकत नाही, दोघांचीही सोय करायची. पण लहानपणी कुत्रा चावल्यामुळे घाबरणाऱ्या माणसाला मी कायदा ऐकवणार नाही. शेजारच्या जोशी आजी पहिली दोन वर्षं लिफ्टमध्ये आमच्याबरोबर येत नसत. आता येतात, फक्त माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहतात.

आमच्या टॉमीला ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलं तर तो सर्व्हिस डॉग होईल का?

नाही, आणि कृपा करून असं करू नका. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची कुठलीही सरकारी नोंदणी नाही. ऑनलाइन विकले जाणारे दाखले आणि जाकिटं यांना कायद्यात काही अर्थ नाही. अपंगत्वाशी संबंधित ठरावीक काम शिकवलेलं असणं हीच खरी अट. मग ते ऐकू न येणाऱ्याला दाराची घंटा कळवणं असेल, रक्तातली साखर उतरल्याचं सांगणं असेल, किंवा फिट आल्यावर मदत आणणं असेल. नुसत्या जवळ असण्याने धीर देणारा कुत्राही मोलाचा आहे, पण तो वेगळ्या वर्गात मोडतो. जाकीट घातलेला असाच एक कुत्रा एका दुकानात राजाच्या अंगावर धावून आला होता. चावला नाही, पण त्यानंतर तीन आठवडे राजा दुसरा कुत्रा दिसला की काम सोडून माझ्या मागे जायचा. प्रशिक्षकाला बोलवून त्याला पुन्हा सरावात आणावं लागलं.

सांगलीला त्याला आणत नाही का? मावशीला बघायचंय!

मावशी, नाही आणत. अमेरिकेतून निघणाऱ्या विमानात तो माझ्या पायाशी बसू शकतो. विमान कंपनी सरकारी फॉर्म मागते, आणि प्रवास आठ तासांहून मोठा असेल तर वाटेत शी-शूचं काय करणार याचाही. पंधरा-सोळा तास तो धरून ठेवेलही, पण मी त्याला तसं करायला लावणार नाही. भारतात उतरायला पशु क्वारंटाइन खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. परतीचे नियम त्याहून कडक आहेत, कारण सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोचिप, सीडीसीचा फॉर्म आणि रेबीजच्या लसीचे पक्के पुरावे असल्याशिवाय तिथून कुत्रा परत आणता येत नाही.

कागद मी जमवले असते. खरी अडचण पुढची आहे. तो फुटपाथच्या कडेला थांबायला शिकलाय. आमच्या गल्लीत फुटपाथ नाही. गल्लीतली कुत्री त्याला घेरतील, आणि हार्नेसमध्ये असताना तो ना पळू शकतो ना भांडू शकतो. दुसऱ्या देशाच्या रस्त्यांवर घडलेला कुत्रा उचलून आणून हे जमणार नाही. तिथल्या रिक्षा, तिथली गर्दी, तिथले कुत्रे यांच्यातच गाइड डॉगची तयारी व्हायला हवी, आणि असं व्हावं ही माझी मनापासून इच्छा आहे. तोपर्यंत सांगलीत मी काठी आणि भावाचं कोपर यांवर फिरते. मी तिकडे असते त्या तीन आठवड्यांत राजा नवऱ्यासोबत राहतो आणि, मुलगी सांगते, रात्री माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपतो.

म्हातारा झाल्यावर त्याचं काय?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याचं उत्तर देण्याची वेळ आली आहे. ही कुत्री साधारण सात-आठ वर्षं काम करतात. राजा आता नऊ वर्षांचा आहे. गेल्या काही महिन्यांत मेट्रोपार्क स्टेशनच्या जिन्यावर दांडी माझ्या हातात थोडी मागे राहते, आधी ती पुढे असायची. तो अजूनही चुकत नाही, फक्त हळू झालाय. डॉक्टरांनी सांध्यांचं औषध दिलंय. प्रशिक्षकाने येऊन आमच्याबरोबर दोन दिवस चालून पाहिलं आणि म्हणाली, वर्षअखेरीपर्यंत.

निवृत्त कुत्रा ठेवता येतो, नातेवाइकांना देता येतो, किंवा शाळा चांगलं घर शोधते. आमचा आमच्याकडेच राहील, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. नव्या कुत्र्यासाठीचा अर्ज मी मागच्या महिन्यात भरला. भरताना तो टेबलाखाली माझ्या पायावर झोपला होता, आणि मला उगाच चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. नवा आला की हार्नेसचा खळ्ळकन आवाज राजाला ऐकू येणार आणि तो धावत येणार, याचं काय करायचं ते मी शाळेतल्या अनुभवी लोकांना विचारलं. त्या वेळी त्याला दुसऱ्या कोणीतरी, त्याच मिनिटाला, फिरायला बाहेर न्यायचं असं त्यांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, 'मी नेईन.' सध्या त्या रोज संध्याकाळी नुसत्या पट्ट्यावर त्याला कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचा सराव करत आहेत.